साडूंचा टीव्ही

दुकान सासऱ्यांचं होतं आणि जावई दोन होते, तिथेच सगळं बिनसलं. दोघेही केस कापणारे, दोघेही सासऱ्यांच्याच हाताखाली तयार झालेले. सासरे गेल्यावर दुकान दोन्ही मुलींच्या नावे अर्धं अर्धं झालं. आत शिरल्यावर उजव्या हाताच्या खुर्च्या थोरल्या जावयाच्या, डाव्या हाताच्या धाकट्याच्या. थोरल्याला गिऱ्हाइकं मास्तर म्हणत, कारण ते कान धरून मान वळवत आणि बडबड्या माणसाला डोळ्यानेच गप्प बसवत. धाकट्याला हिरो म्हणत, कारण त्याच्या स्वतःच्या डोक्यावर दर महिन्याला काहीतरी नवीन उगवलेलं असे. मास्तरही त्याला हिरोच म्हणायचे, पण जेवताना दाताखाली खडा यावा तसं तोंड करून.

खुर्च्यांची वाटणी झाली, आरशांची झाली, टॉवेल ठेवायच्या कपाटाचीसुद्धा झाली. वाटणी झाली नाही ती एका टीव्हीची. तो दोन्ही आरशांच्या मधोमध, जरा उंचावर टांगलेला होता. हात थरथरायला लागल्यावर सासऱ्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि हा टीव्ही आणून लावला. मग दिवसभर बाकड्यावर बसून ते तो बघत. जावई त्यांना मामा म्हणत. एका दुपारी मामांनी मास्तरांना जवळ बसवून सांगितलं होतं, "जावईबापू, हा तुमच्या स्वाधीन. नीट जपलात तर माझ्यामागे दहा वर्षं चालेल. त्या पोराच्या हाती देऊ नका."

मास्तरांना आयुष्यात कोणी फारसं काही स्वाधीन केलेलं नव्हतं. ते वाक्य त्यांनी काळजावर कोरून ठेवलं.

सलून म्हणजे टीव्हीचा वैरीच. बारीक केस हवेत उडतात आणि पंख्याच्या वाऱ्याने नको तिथे जाऊन बसतात. पाण्याचा फवारा, पावडर, केसांवर मारायचा चिकट स्प्रे, सगळं शेवटी पडद्यावर आणि मागच्या जाळीत. मास्तर रोज सकाळी दुकान उघडलं की आधी स्टूल घेऊन टीव्हीकडे जात. दाढीचा एक जुना, मऊ पडलेला ब्रश त्यांनी त्यासाठीच राखून ठेवला होता. त्याने ते मागच्या जाळीतले केस हलक्या हाताने काढत. पडदा कोरड्या, मऊ फडक्याने पुसत, तोही बंद आणि थंड असताना, न दाबता. विजेचा दाब कमीजास्त झाला तर टीव्ही जळू नये म्हणून त्यांनी खाली एक स्टॅबिलायझर बसवला. आभाळ गडगडायला लागलं की हातातलं गिऱ्हाईक तसंच फेसाळलेलं ठेवून आधी प्लग काढत. चित्राचा उजेड त्यांनी अर्ध्यावर आणून ठेवला होता, कारण जास्त उजेड म्हणजे आतले दिवे लवकर म्हातारे होणार. आणि दुपारी जेवणाच्या वेळेला टीव्ही बंद. "त्यालाही विश्रांती लागते," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकांना केस कापताना मास्तरांकडून मिळणारं हे एवढंच संभाषण.

हिरोला हे सगळं म्हणजे मढ्याला उटणं लावणं वाटायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं. माणसं टीव्ही बघायला मिळतो म्हणून थांबतात, थांबतात म्हणून केस कापून घेतात, मग तो अंधारात का ठेवायचा? मास्तर फडकं वाळत घालायला मागच्या दारी गेले की तो रिमोट उचलून उजेड शेवटच्या टोकाला नेऊन ठेवी. विकणाऱ्यांच्या दुकानात टीव्ही जसा डोळे दिपवतो तसा हाही दिपवायला लागे. मास्तर आत आले की उजेड खाली. ते पुन्हा बाहेर गेले की वर. बाकड्यावरची माणसं एव्हाना बातम्यांपेक्षा हाच खेळ बघायला लागली होती.

मग मास्तरांनी रिमोट वस्तऱ्यांच्या खणात ठेवून कुलूप लावलं. हिरोने दुसऱ्या दिवशी बाजारातून तसाच दुसरा रिमोट आणला आणि तो खिशात घालून शीळ घालत फिरला. मास्तरांनी दुपारची विश्रांती वाढवली. हिरोने जेवण खुर्चीवर बसूनच करायला सुरुवात केली, हातात रिमोट धरून. एकदा त्याने आरसे पुसायचं निळं पाणी थेट टीव्हीच्या पडद्यावर फवारलं आणि टॉवेलने खसाखसा घासलं. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते पाणी खालच्या कडेतून आत गेलं तर सगळं संपलं, असं ते चार माणसांत ओरडले. हिरो म्हणाला की स्वच्छता करू नको असं सांगणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला. बाकडं हसलं. बाकडं नेहमीच हिरोच्या बाजूने असायचं, कारण बाकड्यावर तरुण पोरं जास्त बसायची.

घरी दोघी बहिणी एकमेकींशी बोलत होत्या, पण आपापल्या नवऱ्याला न कळू देता. थोरली एकदा मास्तरांना म्हणाली की टीव्हीसाठी एवढा जीव टाकता, त्यातला थोडा माझ्या मिक्सरसाठी टाका, गेले कित्येक महिने तो धूर सोडतोय. मास्तरांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मिक्सर त्यांना कोणी सोपवलेला नव्हता.

भडका उडाला तो एका साध्या दिवशी. मास्तरांच्या खुर्चीत पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, मामांच्या वेळचे गिऱ्हाईक, मास्तरांकडे येणाऱ्या मोजक्यांपैकी. त्यांच्या कानामागची रेघ वस्तऱ्याने साफ करायची चालली होती. तेवढ्यात हिरोने आपल्या गिऱ्हाइकाच्या केसांवर स्प्रे मारला, आणि मारता मारता हात उंच नेऊन एक लांबलचक फवारा टीव्हीच्या दिशेने सोडला. मुद्दाम. मास्तरांनी आरशात ते पाहिलं आणि टीव्हीकडे मान वळवली. हात मात्र पुढे गेला.

पोस्टातल्या गृहस्थांचा कान कापला गेला. फार नाही, पण कानाचं रक्त थांबता थांबत नाही. पांढऱ्या कापडावर लाल डाग पसरत गेला. मास्तरांच्या हातून इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते तुरटी शोधायला लागले, ती सापडेना. हिरोनेच आपल्या खणातून तुरटी काढून दिली, आणि ती देताना त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात जे काही होतं ते मास्तरांनी पाहिलं.

गृहस्थ कानाला कापूस लावून निघून गेले. मास्तरांनी वस्तरा खाली ठेवला आणि हिरोकडे वळले. तू मुद्दाम केलंस, म्हणाले. मामांनी जी वस्तू माझ्या स्वाधीन केली ती तुला बघवत नाही, तुला त्यांनी काही दिलं नाही म्हणून तू जळतोस, म्हणाले. दुकानात आणखी दोनतीन माणसं होती. हिरोने आधी कंगवा पुसून खिशात ठेवला. त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"दादा, मामा मला काय म्हणाले ते सांगू? म्हणाले, त्याच्या हातात काहीतरी खेळणं दे, नाहीतर तो गिऱ्हाइकांशी भांडून दुकान बसवेल. टीव्ही त्याला सांभाळू दे. दुकान तू सांभाळ."

कोणी हसलं नाही. बाकडंसुद्धा हसलं नाही, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं. ते एप्रन काढून, खुंटीला अडकवून, तसेच बाहेर पडले.

ते थेट सासूबाईंकडे गेले. मामी एकट्याच राहत, दुकानामागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. त्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. मास्तरांनी सगळं सांगितलं, हिरोचं वाक्य शब्दाला शब्द सांगितलं, आणि विचारलं की हे खरं आहे का. त्यांची अपेक्षा होती की मामी चिडतील, त्या पोराची जीभ झडो म्हणतील. मामींनी हातातली शेंग आधी पूर्ण सोलली.

"तुम्हाला तसं म्हणाले असतील, त्याला असं म्हणाले असतील. अहो, खुर्चीत बसलेल्याला आवडेल ते बोलण्यात जन्म गेला त्यांचा. ती सवय घरी आल्यावर सुटते होय? मला तर म्हणाले होते, दोघांच्याही हाती काही देऊ नकोस, किल्ली आपल्याकडे ठेव."

"मग टीव्हीचं खरं काय होतं?" मास्तरांनी विचारलं.

"खरं काय असायचंय? त्यांना टीव्ही मोठ्या आवाजात लागायचा, मी घरात लावू दिला नाही. म्हणून दुकानात लावला."

मास्तर उठेनात. मामींनी शेंगांचं ताट त्यांच्याकडे थोडं सरकवलं, म्हणजे बसलाच आहात तर सोला. त्यांनी मूठभर सोलल्या आणि उठले. रस्त्याने जाताना त्यांना लाज वाटत होती की राग येत होता हे त्यांचं त्यांनाच कळेना. दुकान दिसायला लागलं तोवर राग आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. रागाचा त्यांना सराव होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुकान उघडलं, पाणी भरलं, वस्तरे लावले आणि स्टुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. वस्तऱ्यांच्या खणाचं कुलूप काढून रिमोट त्यांनी बाकड्यावर टाकला. दुपारी जेवायला उठले तेव्हा टीव्ही चालू होता, तो चालूच ठेवला. आभाळ गडगडलं तेव्हा ते दाढी करत राहिले. हिरोने दोनदा वळून पाहिलं. आपण जिंकलो असं त्याला वाटलं असावं. त्याने उजेड टोकाला नेला, आवाज वाढवला आणि दिवसभर शीळ घातली.

पण जिंकलेल्या माणसाला थोड्या दिवसांनी आपण काय जिंकलं ते बघावं लागतं. वरच्या कडेवर केसांची दाढीसारखी लव दिसायला लागली. मागे हात लावला तर चटका बसावा इतका टीव्ही तापायला लागला. मग हिरो स्वतःच दुपारी तो बंद करू लागला, मास्तरांना दिसणार नाही असा, पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून. मास्तरांना दिसत होतंच. ते शांतपणे उठत आणि टीव्ही पुन्हा लावत. "चालू दे की," ते म्हणत, "माणसं टीव्हीसाठीच तर थांबतात." हिरोचेच शब्द, एकही इकडचा तिकडे नाही. हिरोने एकदा त्यांच्यासमोर उजेड कमी केला, तर मास्तरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की दुकानात अंधार कशाला करतोस. त्यांना हे बोलताना आत कुठेतरी गोड वाटत होतं. कडू औषधावर लावलेल्या साखरेसारखं गोड, पण गोड.

जाळी कशी साफ करायची ते हिरोला माहीत नव्हतं. त्याने एकदा स्टुलावर चढून टॉवेलने ती झटकली आणि केस आणखी आत ढकलले. मास्तर खालून ते बघत होते. दाढीचा ब्रश त्यांच्या हातात होता, कोणाच्या तरी गालावर. एक शब्द पुरला असता. त्यांनी गालावरचा फेस आणखी फुगवला.

टीव्ही गेला तो मोठ्या सामन्याच्या दिवशी. दुकान भरून वाहत होतं. बाकड्यावर माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, दारात उभी होती, केस कापून झालेलेही हलत नव्हते. सामना शेवटाला आला, सगळे श्वास रोखून बसले, आणि चित्र गेलं. पडदा काळा ठिक्कर. आवाज मात्र चालू. समालोचक ओरडत होता, मैदान गर्जत होतं, आणि कोण जिंकलं ते कोणाला दिसत नव्हतं. दोघातिघांनी शिव्या दिल्या. एकजण रिमोट घेऊन बटणं दाबत राहिला. मग माणसं भराभर उठली आणि पलीकडच्या दुकानातल्या टीव्हीकडे पळाली. काही तर गळ्यातलं कापड न सोडताच पळाली. मास्तर हातातली दाढी करत राहिले. वाटायला पाहिजे होता तो आनंद त्यांना वाटला, पण तो घोटभरच निघाला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. त्याने टीव्ही उतरवून मागचं झाकण काढलं. आत केसांची गादीच झाली होती, काळी, राखाडी, मेंदी लावलेली लालसुद्धा, सगळ्या गिऱ्हाइकांची. आतले दिवे जळलेत, म्हणाला. हवा मिळाली नाही आणि उजेडही जास्त ठेवलेला दिसतोय. या जातीच्या टीव्हीचे दिवे आता मिळत नाहीत, नवा घ्या. मग त्याने सहज विचारलं की आधी तर बराच जपलेला दिसतो, मग मध्येच सोडून का दिला?

दोघा साडूंनी एकमेकांकडे पाहिलं. नंतर जे भांडण झालं ते रस्त्यावर ऐकू गेलं. हिरो म्हणाला की मास्तरांनी टीव्ही डोळ्यांदेखत मारला. मास्तर म्हणाले की खेळणं होतं, खेळून झालं. हिरो म्हणाला की तुमच्यासारखा कुजका माणूस पाहिला नाही. मास्तर म्हणाले की आरशात रोज बघतोस की. दोघी बहिणींना बोलावणं गेलं. त्या आल्या, दोघांमध्ये उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे बघून त्यांनी बहुतेक आधीच ठरवलेलं सांगून टाकलं. मध्ये भिंत घाला. दोन दारं करा. आम्हाला रोज उठून हे ऐकायचं नाही.

सुतार आला आणि प्लायवूडची भिंत उभी राहिली, नेमकी जिथे टीव्ही होता त्या रेषेवर. हिरोने आपल्या बाजूला नवा टीव्ही लावला, आधीच्यापेक्षा मोठा आणि पातळ. मास्तरांकडे फक्त आरसा, आणि कात्रीचा आवाज. तरुण पोरं सगळी पलीकडे गेली. मास्तरांकडे ज्यांना डोळे मिटून दाढी करून घ्यायला आवडतं असे थोडे राहिले. पोस्टातले गृहस्थ त्यांत नव्हते. ते पलीकडे जातात हे मास्तरांना दारासमोरून जाणारी त्यांची छत्री पाहून कळलं.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एका दुपारी धाकटी मेहुणी त्यांच्या दारात आली. ती सहसा येत नसे. मास्तर खुर्ची पुसत होते. तिने आधी बहिणीची चौकशी केली, मग मिक्सरची केली, मग पदराशी चाळा करत मुद्द्यावर आली.

"भाऊजी, नव्या टीव्हीवर उभ्या रेघा येतात. सकाळी जास्त, दुपारी कमी होतात. ते विचारणार नाहीत, म्हणून मी विचारते."

मास्तरांना ऐकताक्षणीच कळलं. हिरोने गरम टॉवेलांच्या वाफेचं यंत्र घेतलं होतं आणि ते टीव्हीच्या बरोबर खाली ठेवलं होतं. येताजाता त्यांनी ते पाहिलं होतं. सकाळी दाढ्यांची गर्दी, तेव्हा यंत्र सारखं चालू, वाफ सरळ वर जाणार, टीव्हीच्या आत ओल धरणार. दुपारी यंत्र बंद, ओल वाळणार, रेघा कमी. यंत्र पलीकडच्या कोपऱ्यात सरकवलं आणि टीव्ही काही दिवस कोरडा राहू दिला तर अजून वाचण्यासारखा होता. नाहीतर आत गंज धरून कायमचा जाणार होता. एवढं सगळं त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं. भिंतीपलीकडून हिरोची शीळ ऐकू आली, आणि तिच्याबरोबर बाकड्यावरचं हसू.

"मला त्यातलं काही कळत नाही," मास्तर म्हणाले.

मेहुणी उभीच राहिली. तिला कळलं होतं की ते खोटं बोलताहेत, आणि तिला कळलंय हे मास्तरांनाही कळलं. तिने पुन्हा विचारलं नाही. पदर सारखा करून ती गेली. मास्तरांनी खुर्ची पुसून झालेली असूनही पुन्हा एकदा पुसली.

टीव्ही थोड्याच दिवसांत गेला. हिरो आणि दुरुस्तीवाला तो उतरवून टेम्पोत घालताना मास्तरांनी दारातून पाहिलं, अगदी शेवटपर्यंत उभं राहून. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. त्यांनी विषय काढला नाही. पण बहिणीने बहिणीला सांगितलेलं होतंच. थोरलीने वाढता वाढता, वर न बघता विचारलं, "एक वाक्य बोलला असतात तर जीभ झिजली असती का?"

मास्तर जेवत राहिले. झिजली असती, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.